सहा नावं आणि एक सिद्धता

बारामतीलगत जळोचीत आमच्या गल्लीत मला 'गणिताचं पुस्तक काढणाऱ्या मॅडम' म्हणतात. ते ऐकून दर वर्षी दोन-चार पालक दारात येतात आणि दहावीचा अपेक्षित प्रश्नसंच मागतात. हे पुस्तक म्हणजे आमच्या गणित शिक्षकांच्या मंडळाचं सहामाही नियतकालिक आहे, त्यात संशोधन छापतात, नवं गणित छापतात, असं मी सांगते. तेव्हा शेजारच्या पेरूच्या बागवाल्या काकू हमखास विचारतात, "नवं गणित कुठनं येतं वो? समदं काढून झालंय की." आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, निवृत्तीनंतर हे संपादन गळ्यात घेतलं, पण काकूंना पटेल असं उत्तर अजून देता आलेलं नाही.

तुम्हाला तरी सांगते. एखादी गोष्ट कधीतरी नव्हे, नेहमीच खरी असते, हे पायरी-पायरीनं दाखवून द्यायचं, त्याला सिद्धता म्हणतात. कुणी अशी सिद्धता लिहून पाठवली की मी ती दोन जाणकारांकडे तपासायला देते. ते कोण, हे लेखकाला कळू द्यायचं नाही. ते ओळ न ओळ तपासतात, फुकट तपासतात आणि फुकट असल्यामुळे सावकाश तपासतात. मग मी लेखकाला कळवते की लेख घेतला, परत केला किंवा दुरुस्त करून पाठवा. एवढंच काम. यात चिडण्यासारखं काय आहे, असं ज्याला वाटतं त्यानं माझ्या खुर्चीत महिनाभर बसून दाखवावं.

लेखांपेक्षा फोनच जास्त येतात. "मॅडम, मार्चअखेर छापून येईल का?" हा पहिला प्रश्न. लेख कशावर आहे ते नंतर, विचारलं तर. बढतीच्या फायलीला लेख लागतात हे सगळ्यांना पाठ आहे. लेखाला गणित लागतं, ही मधली पायरी बरेच जण गाळतात.

माळेगावच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मात्र मला अजून आठवतात. वर्तुळाचा घेर आणि व्यास यांचं जे गुणोत्तर आपण शाळेत शिकतो, ते चुकीचं आहे असा त्यांचा दावा होता, कारण त्यांनी स्वतः मळीच्या टाकीला टेप लावून पाहिलं होतं. मी त्यांना म्हटलं, "काका, टाकीला पोचे असतात." ते म्हणाले, "मग सरकारनं सरळ टाकी द्यावी, मी परत मोजतो." जाताना काकवीची बाटली ठेवून गेले. लेख अर्थातच छापला नाही, पण त्या माणसाचा राग आला नाही. चूक होती, पण स्वतः उन्हात उभं राहून केलेली होती.

राग आला तो गेल्या वर्षी एका प्राध्यापकांचा. त्यांचा लेख इतका गुळगुळीत होता की मला शंका आली. शेवटच्या संदर्भांत बघते तर माझाच एक लेख. शीर्षक झकास, विषय माझ्या आवडीचा. फक्त तो मी कधी लिहिलेला नव्हता. मी फोन लावला.

"सर, हा माझा लेख तुम्हाला मिळाला कुठे?"

"तुमचाच ना मॅडम? फार सुंदर आहे."

"वाचलात?"

"म्हणजे काय, दोनदा वाचला."

न लिहिलेला लेख दोनदा वाचणारा वाचक भाग्यानंच मिळतो. शेवटी त्यांनी कबूल केलं की लेख आणि संदर्भ दोन्ही संगणकाला सांगून तयार करून घेतले होते. वर मलाच समजावलं, "आता सगळेच करतात, मॅडम. तुम्ही जरा काळाबरोबर चला." मी लेख परत पाठवला आणि काळाबरोबर न जाता चहा करायला गेले.

पण यंत्राचा ताप परवडला. माझं रक्त आटवलं ते नावांनी. लेखावर नाव कुणाचं असावं, याचा आमचा नियम साधा आहे. ज्याचा विचार काढून घेतला तर सिद्धता कोसळते, तो लेखक. आणि चूक निघाली की उत्तर द्यायला जो उभा राहतो, तो लेखक. विषय सुचवणाऱ्याचे, पुस्तक देणाऱ्याचे, धीर देणाऱ्याचे शेवटी आभार मानावेत. नावं आडनावांच्या क्रमानं लागतात, त्यात मोठा-धाकटा नाही.

आपल्याकडे मात्र नावं छापायचा संस्कार होतो लग्नपत्रिकेवर. तिथे भावकी येते, सोसायटीचे चेअरमन येतात, नवरदेवाला ज्यांनी कधी पाहिलंही नाही असे पाहुणे 'प्रमुख उपस्थिती'त येतात. छापण्याआधी कुणी कुणाला विचारत नाही. विचारायचं कसं, नाव घालणं हाच मान. राहून गेलं तर मात्र पुढची लग्नं होईपर्यंत अबोला. ही रीत लग्नात शोभते. ती शोधनिबंधावर आली की माझ्या कपाळाची शीर उडते.

सुवर्णाचा लेख असाच आला. हे तिचं खरं नाव नाही. ती इंदापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जितके तास घेतले तितकाच मोबदला, आणि दर जूनला पुन्हा बोलावतील की नाही याची धाकधूक. वडिलांची, म्हणजे तात्यांची, पेरू-डाळिंबाची बाग. शिकवता शिकवता तिची पीएचडी चालू होती. लेखाचा विषय असा होता: ठिबकच्या नळीला फाटे फुटत जातात तसं एक जाळं घ्या. प्रत्येक सांध्याला आणि टोकाला शून्यापासून पुढचा एकेक वेगळा आकडा द्या. नळ्या जितक्या असतील त्याहून मोठा आकडा वापरायचा नाही, आणि नळीच्या दोन टोकांच्या आकड्यांमधला फरक प्रत्येक नळीला वेगळा आला पाहिजे. अशा सगळ्याच जाळ्यांना हे जमतं का, ते आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. सुवर्णानं एका विशिष्ट घडणीच्या जाळ्यांसाठी ते केलं होतं. मी वाचायला घेतलं आणि भाजी करपली, इतकं ते छान होतं.

वर नावं मात्र सहा. सगळ्यांत आधी संस्थेचे सचिव, ज्यांना सगळा तालुका 'आबा' म्हणतो. मग प्राचार्य, विभागप्रमुख, संशोधन समितीचे समन्वयक, मग तिचे मार्गदर्शक शिर्के सर. सगळ्यांत शेवटी सुवर्णा.

मी सहाही जणांना विचारलं की या लेखात आपण नेमकं काय केलं ते कळवा. कॉलेजच्या कार्यालयातून पाचांच्या वतीनं एकच उत्तर आलं, 'मोलाचे मार्गदर्शन केले'. सुवर्णाचं वेगळं आलं, 'सिद्धता लिहिली'. मी तिला फोन केला.

"पाचही जणांनी मार्गदर्शन केलं?"

"हो मॅडम."

"आबांनीसुद्धा?"

"आबांनी शुभेच्छा दिल्या."

"ही नावं घालायला कुणी सांगितलं तुला?"

"तसं कुणीच नाही. शिर्के सर म्हणाले, बाकीची नावं तू बघून घाल. मग मी घरी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, मोठ्या माणसांची आधी घाल, पाठीशी माणसं दिसली पाहिजेत."

"आणि त्या मोठ्या माणसांना विचारलंस?"

"विचारलं असतं तर राग आला असता ना, मॅडम."

मी डोक्याला हात लावला. नावं काढ, असं तिला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आता काढली तर जूनमध्ये मला बोलावणार कोण?" नावांचा निकाल लागल्याशिवाय लेख छापणार नाही, असं मी सगळ्यांना कळवलं आणि तोवर सिद्धता तपासायला पाठवून दिली.

थोड्या दिवसांनी त्याच कॉलेजातून मला एका कार्यशाळेचं आमंत्रण आलं. शिकवायला कुणी बोलावलं की मी जाते, ही माझी खोड. उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत इंदापूर गाठलं, तर फाटकावर भला मोठा फ्लेक्स. 'गणित संशोधनातील उत्तुंग यशाबद्दल हार्दिक अभिनंदन'. मधोमध आबा, बाजूला प्राचार्य, मग इतर. सुवर्णाचा फोटो नव्हता. आणि 'शुभहस्ते' म्हणून खाली माझं नाव.

मी शिर्के सरांना कोपऱ्यात घेतलं. "अहो, लेख अजून तपासायचाय. मी स्वीकारलेलाच नाही."

"पाठवलाय ना मॅडम? मग येईलच की आज ना उद्या. आबांची तारीख आजची मिळाली."

शिर्के सर माणूस वाईट नव्हे. कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली त्यांच्या डोक्यावर, परीक्षेचं काम त्यांच्याकडे, वसतिगृहाच्या पाण्याची तक्रारही त्यांच्याकडे. त्यांनी शेवटचं गणित केव्हा केलं, हे त्यांनाही आठवत नसावं. म्हणून त्यांच्यावर धड चिडताही येईना.

व्यासपीठावर आबा बोलले. "शाळंत गुरुजी मला म्हणायचे, तुला पाढं येत न्हाईत, तू बैलं राख. आज गुरुजी असतं तर म्हणलं असतं, आबानं नाव काडलं." सभागृह हसलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी स्पष्टच म्हणाले, हा लेख अजून तपासणीत आहे, त्यात चूक असू शकते आणि हा सत्कार मला मान्य नाही. त्यावर टाळ्या पडल्या. लोकांना बहुधा प्रस्तावना वाटली. आबांच्या खांद्यावर शाल मी घातली नाही, ती प्राचार्यांनी घातली. सुवर्णा पुष्पगुच्छांचं ताट धरून बाजूला उभी होती.

पुढच्याच महिन्यात परीक्षकांचं उत्तर आलं. सिद्धतेत भोक होतं. एखाद्या सांध्याला विषम संख्येनं फाटे फुटले, तर सुवर्णाची रीत दोन नळ्यांना एकच फरक देत होती. अशी चूक कुणाचीही होते. बऱ्याचदा ती दुरुस्तही होते. रीतीप्रमाणे मी सहाही लेखकांना ती कळवली आणि काय म्हणणं आहे, असं विचारलं.

मग जी धावपळ उडाली ती बघण्यासारखी होती. प्राचार्यांनी कळवलं, माझं नाव माझ्या संमतीशिवाय घातलं आहे, ते काढावं. विभागप्रमुखांनी तेच कळवलं, समन्वयकांनी तेच. शिर्के सरांनी लिहिलं, मी फक्त विषय सुचवला होता. आबांच्या वतीनं कार्यालयानं लिहिलं, नाव कुणी घातलं ते माहीत नाही. शाली घडी करून कपाटात गेल्या आणि सगळ्यांनी हात वर केले. मला हेच हवं होतं, पाचही नावं आपल्या पायानं चालत गेली होती. पण आठवडाभरात सुवर्णाला नोटीस मिळाली. वरिष्ठांची नावं परवानगीशिवाय वापरून संस्थेची बदनामी केल्याबद्दल आपल्याला कामावरून कमी का करू नये?

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा आला असेल, तर नोटिशीतलं एक वाक्य खरं होतं याचा. तिनं खरंच कुणाला विचारलं नव्हतं. तेच तर मी तिला आधी बजावलं होतं. आता माझाच नियम हातात घेऊन ही मंडळी तिच्या पाठीत घालत होती.

सुवर्णाचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. "मॅडम, विषम फाट्यांचं बघते आहे, पण डोकंच चालत नाही," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "तू फाटे बघ. बाकीचं मी बघते." आणि दुसऱ्या दिवशी थेट आबांच्या घरी गेले.

आबा पडवीत बसले होते. चहा सांगितला, जळोचीकडे जमिनीचे भाव काय चाललेत ते विचारलं, मग म्हणाले, "बोला. त्या पोरीचं ना?"

मी म्हटलं, "आबा, तुम्ही भर सभेत शाल घेतलीत. आता नाव कुणी घातलं माहीत नाही म्हणता. सगळं इंदापूर हसेल."

"मला काय ठावं मॅडम? आमची नावं कुठं कुठं छापत्यात, कोन इचारतंय. कुस्त्यांच्या फडाला नाव, टुर्नामेंटला नाव, पत्रिकेवर तर रोजच. आमी म्हनलं, ह्ये बी तसलंच आसंल."

"तसलं नाही. यावर नाव म्हणजे आतलं ओळ न ओळ खरं आहे, असं सांगणं. खोटं निघालं तर उत्तर तुम्ही द्यायचं."

आबांनी कप खाली ठेवला. "म्हंजी ही जामीनकी हाय."

"हो. जामीनकीच."

"मंग आदी का न्हाय सांगितलं कुनी? जामीन ऱ्हायचं तर आमी आदी मानूस बघतो, सात-बारा बघतो, मंग सही करतो. हितं तर प्राचार्यानं मला बशीवला, शाल घातली, आन् म्हनला हसा." ते उठून आत-बाहेर करू लागले. "पाच जामीन, आन् कर्ज बुडायच्या आदीच पळालं. आन् नोटीस कुनाला, तर जिनं काम केलं तिला."

तिथूनच त्यांनी प्राचार्यांना फोन लावला. माझ्यासमोर जे बोलले, ते इथे छापण्यासारखं नाही. नोटीस मागे घ्यायची असं ठरलं. मी उठले तेव्हा आबा म्हणाले, "मॅडम, माजं नाव तेवडं काडा. मला त्यातलं काय बी कळत न्हाय. पर जूनचं मी सांगत न्हाय. तासाला कोनाला घ्यायचं, ती प्राचार्याची बाब. समद्यातच मी हात घातला तर मास्तर लोकं बिथरत्यात."

मी म्हटलं, आबा, एवढं केलंत तर तेवढंही करा. ते नुसते हसले. राजकारणात आयुष्य काढलेल्या माणसाचं ते हसणं मला परतीच्या सगळ्या रस्त्यात डाचत राहिलं.

सुवर्णानं चूक दुरुस्त केली. विषम फाटे आले की त्या फाट्यांना आकडे उलट्या टोकाकडून द्यायचे, असं तिला सुचलं. ऐकायला सोपं वाटतं. सुचलेलं सगळं ऐकायला सोपंच वाटतं. पुन्हा तपासणी झाली. जो परीक्षक गेली कित्येक वर्षं मला 'ठीक' याशिवाय दुसरं विशेषण पाठवत नाही, त्यानं या वेळी 'सुंदर' असं लिहिलं. लेखाच्या शेवटी सुवर्णानं विषय सुचवल्याबद्दल शिर्के सरांचे आभार मानले. ते त्यांचं न्याय्य श्रेय होतं आणि मला ते आवडलं. वर नाव एकटं तिचं राहिलं.

जूनमध्ये तिला बोलावलं नाही. कारण लेखी दिलं, विद्यार्थिसंख्या घटल्यामुळे तास कमी झाले. त्याच विषयाचे तास प्राचार्यांच्या एका नातलगाला मिळाले. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच सिद्ध करता येणार नाही. शिर्के सरांनी तिच्या पीएचडीच्या कागदांवर सह्या मात्र अडवल्या नाहीत, तेवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. सुवर्णा आता बारामतीत एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला शिकवते. रोज एसटीनं येते-जाते.

नियम मी पाळला आणि त्याची किंमत तिनं मोजली. माझ्या निवृत्तिवेतनातून एक रुपया कमी झाला नाही. 'तुमचा नियम बरोबर होता' असं कुणी म्हटलं की मला आनंद होत नाही, तिडीक येते. बरोबर होता, म्हणूनच तर तिडीक.

अंक निघाला तेव्हा एक प्रत घेऊन मी तात्यांच्या बागेत गेले. तात्या पेरूंना फोमच्या जाळ्या चढवत होते. ते हात धोतराला पुसून आले. अंक इंग्रजीत होता. सुवर्णानं पान उघडून बोट ठेवलं आणि आपलं नाव दाखवलं. तात्यांनी ते पाहिलं, मग त्याच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, पान उलटून मागची बाजू पाहिली.

"येकटीचंच हाय?" त्यांनी मला विचारलं.

"हो तात्या. एकटीचंच."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, ते खूश होतील. "मॅडम, लोक काय म्हनतील? ह्या पोरीच्या मागं कुनीच न्हाय, आसंच दिसतंय की ह्ये."

त्या माणसासमोर तो नियम सांगायचं मला धाडस होईना.

सुवर्णाच म्हणाली, "तात्या, सहा नावं होती तवाबी मी येकटीच होते. आता निस्तं तसं छापून आलंय."

तात्यांनी तिला विचारलं, "आता ह्यात चूक न्हाय ना कुठं?"

"न्हाय."

"मंग ऱ्हाऊ दे येकटीचं," ते म्हणाले.